हिरवी घासणी भांड्यांखेरीज कुठे कुठे वापरता? (शिवणाच्या खोलीतले अनुभव विशेष हवेत)

सुईदोरा

मागच्या श्रावणात माझ्याकडे एक मोतिया रंगाचा रेशमी ब्लाउजपीस शिवायला आला होता. गळ्याला टाचण्या लावून ठेवल्या, मध्ये जेवायला उठले, परत येऊन टाचण्या काढल्या तर कडेला तीन तपकिरी ठिपके. गंजाचे. सुती कापड असतं तर लिंबू-मीठ लावून उन्हात टाकलं असतं, रेशमावर तो प्रयोग करायचं धाडस झालं नाही. तसाच पीस दुकानं पालथी घालून शोधला आणि भरून दिला.

टाचण्या मी भांडी घासायच्या दोन थरांच्या स्पंजात खोचून ठेवायचे. कोरा करकरीत स्पंज, पाणी कधी लागलेलं नाही, पिवळी बाजू वर. त्या रात्री एकेक टाचणी उपसून दिव्याखाली धरली. पिवळ्या थरात असलेला भाग तेवढा काळवंडलेला आणि खरखरीत, खाली हिरव्या थरात गेलेलं टोक मात्र स्वच्छ. चिपळूणच्या पावसाळ्यात घरातलं मीठ पाणी धरतं, तसा तो पिवळा स्पंज हवेतला ओलावा धरून बसला होता. हिरव्या जाळीत ओलावा टिकायला जागाच नाही.

तेव्हापासून पिवळी बाजू ओरबाडून टाकते आणि नुसती हिरवी वापरते. हळूहळू शिवणाच्या खोलीत तिची बरीच कामं निघाली.

उसवल्यावर कापडात अडकून राहणारे दोऱ्याचे बारके तुकडे आपण नखांनी वेचत बसतो. कोरडी घासणी शिवणीच्या दिशेने हलक्या हाताने दोन-तीनदा ओढली की सगळे तिच्या जाळीत अडकून येतात. सुती, टेरिकॉट, खण यांवर बिनधास्त. रेशीम, जॉर्जेट, शिफॉनवर अजिबात नाही, तार ओढली जाते.

स्वेटरवरचे गोळे काढायलाही चालते, पण नवी नको. भांड्यांना कधीच न लागलेली आणि तरीही वापरून नरम पडलेली हवी. मी आधी खिडकीच्या जाळ्यांना वापरते, धुऊन वाळवते आणि मग स्वेटरला घेते. स्वेटर टेबलावर सपाट पसरायचा, एकाच दिशेने ओढायचं, गोल गोल घासायचं नाही. आधी काखेच्या आतल्या बाजूला करून बघा.

मोटर लावलेल्या मशीनचं पायडल फरशीवर पुढे पुढे सरकतं, त्याच्या खाली दोन घासण्या चिकटपट्टीने लावल्या आहेत. वर्ष झालं, जागचं हललेलं नाही.

कटिंग मॅटमध्ये (कापड कापताना खाली घेतो त्या चटईत) रुतून बसलेले तंतू मात्र निघत नाहीत, तिथे काय करता? आणि शिवणाव्यतिरिक्तही जे जे करता ते लिहा. माझ्या घरी महिन्याला घासण्यांचा पुडा आणला जातो आणि निम्म्या अर्ध्या आयुष्यातच फेकल्या जातात, ते मला बघवत नाही.

घाटावरची

छान धागा. वाचनखूण साठवली.

इस्त्रीचा तवा! चिकट कॅनव्हास (इस्त्रीने चिकटवायचं कडक अस्तर) लावताना गोंद तव्याला लागतो आणि मग पुढच्या पांढऱ्या कापडावर उतरतो. इस्त्री पूर्ण गार झाल्यावर पांढरी घासणी (मऊ मिळते ती) ओली करून घासते. खळीचे डागही जातात. माझी इस्त्री जुन्या पद्धतीची, जड, साध्या तव्याची आहे. लेप असलेल्या तव्याला हे करू नका, बहिणीने केलं आणि तवा कापडाला चिकटायला लागला.

पायमशीन

सुईदोराताई, मला एक चूक सांगायची आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी होणार नाही.

सासूबाईंचं काळं पायमशीन माझ्याकडे आलं. लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेलं. अंगावर सोनेरी वेलबुट्टी, मधोमध मोठा गुलाब. पंधरा वर्षं माळ्यावर होतं, तेलाचा थर धुळीसकट वाळून पिवळा आणि चिकट झालेला. मी रॉकेल घेतलं, हिरवी घासणी घेतली आणि जोर लावला. चाकाचा गंज झकास निघाला, हुरूप आला, म्हणून तीच घासणी अंगावरून फिरवली. पिवळा थर निघाला, त्याच्याबरोबर डाव्या बाजूची वेलबुट्टीही निघाली. घासणीवर सोनेरी पूड दिसली तेव्हा थांबले. अर्धा गुलाब गेला होता.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त उरलेल्या अर्ध्या गुलाबावरून त्यांनी बोट फिरवलं. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

निवृत्त फिटर

पायमशीनताई, त्या मशीनचं नंतर लिहितो. आधी सर्वांसाठी घासणी म्हणजे काय ते सांगतो, कारण वरच्या सगळ्या अनुभवांचं मूळ तिथेच आहे. कारखान्यात ३४ वर्षं घासण्या आणि पॉलिश पेपर हाताळले.

हिरवी घासणी हे फडकं नव्हे, हा उलगडलेला पॉलिश पेपर आहे. नायलॉनचे तंतू विणलेले नसतात, गुंतवून थर केलेला असतो. त्यावर राळेसारखा चिकट पदार्थ आणि त्या राळेत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपला कुरुंद. माणिक आणि नीलम हीसुद्धा कुरुंदाचीच रूपं. धार लावायच्या चाकात पूर्वी तोच असायचा. कठीणपणाच्या मोह्‌स पट्टीवर हिरा १०, कुरुंद ९. काच साडेपाचच्या आसपास, पितळ ३ ते ४, तांबं ३ च्या आसपास, चांदी आणि ॲल्युमिनियम ३ च्याही खाली. कठीण वस्तू नरम वस्तूवर ओरखडा उठवणारच, हात कितीही हलका ठेवा. हलक्या हाताने ओरखडा बारीक होतो इतकंच.

म्हणून घासणी हातात घेण्यापूर्वी एकच विचारायचं: मला या वस्तूवरचा थर काढायचा आहे, की त्या वस्तूचा स्वतःचाच थर निघून जाणार आहे? पाटा-वरवंटा, कडप्प्याची खडबडीत बाजू, स्टीलच्या पातेल्याचं करपलेलं बूड इथे घासणीला पूर्ण मोकळीक. नॉनस्टिक, चांदी, मुलामा दिलेली समई, चष्मा, गाडीचा रंग, मोबाइल, नळावरचा चकचकीत क्रोम इथे ती आणूच नये. नळावर क्षाराचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा अर्धा तास गुंडाळून ठेवा, क्षार विरघळतो आणि घासावं लागत नाही.

पेंटच्या दुकानात मरून आणि करडी अशा घासण्या मिळतात. तीच जाळी, पण कण वेगळ्या बारकाईचे. करडी सगळ्यात बारीक. पांढरी ही सर्वांत सौम्य, घाटावरचीताईंनी इस्त्रीला तीच वापरली हे योग्य. जुन्या लाकडी पाटाला नव्याने पॉलिश करताना पॉलिशच्या एका हातानंतर दुसरा देण्याआधी करडी फिरवा, पॉलिश पेपरसारखी कोपऱ्यात फाटत नाही आणि नक्षीत शिरते.

आता शिवणाचं. सुईदोराताई, हाताने टोचायच्या टाचण्या हिरव्या घासणीत ठेवा, हरकत नाही. मशीनच्या सुया मात्र ठेवू नका. सुईच्या अंगावर गुळगुळीत मुलामा असतो आणि दोरा जायची खाच असते. कुरुंदाच्या कणांतून ती शंभरदा आत-बाहेर झाली की मुलाम्यावर ओरखडे उठतात, आणि मग दोरा विनाकारण तुटतो. आपण मशीनचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) सैल-घट्ट करत बसतो.

दुसरं फार महत्त्वाचं. मशीनच्या आतले फिरते भाग, म्हणजे शटल, बॉबिन केस, दाते, यांच्या आसपास घासणी नेऊच नका. तिथला कचरा सुक्या ब्रशने काढायचा. घासणीतून सुटलेला एक कण तेलात पडला की ते तेल राहत नाही, कारखान्यात व्हॉल्व्ह घासून बसवायला जी पेस्ट वापरायचो ती होते. मशीन चालत राहतं आणि स्वतःलाच झिजवत राहतं. गंजलेलं चाक किंवा पायाची लोखंडी जाळी घासायची असेल तर वरचं डोकं आधी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा.

सुईदोरा

फिटरकाका, हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं. १६ नंबरच्या माझ्या सगळ्या सुया गेलं वर्षभर हिरव्या घासणीत आहेत आणि टेरिकॉटवर दोरा तुटतो म्हणून मी दोऱ्याची रिळं बदलत होते. आजच काढून डबीत ठेवते.

आजीचा बटवा

सुईदोरा, टाचण्यांसाठी आमच्या आईची पद्धत सांगते. डोक्याचं गुंतवळ धुऊन वाळवून खणाच्या तुकड्यात ठासून भरायचं. केसांना तेलाचा अंश असतो, सुई गंजत नाही आणि टोचताना लोण्यासारखी जाते. माझ्याकडची गादी आईने केलेली आहे, वरचा खण दोनदा बदलला, आतलं गुंतवळ तेच. त्यात तिचे केस आहेत हे मला सुई टोचताना दर वेळी आठवतं.

तारेची घासणी गादीत भरून सुयांना धार लावायचा सल्ला कुठे वाचला तर ऐकू नका, आपल्याकडच्या हवेत ती तारच आधी गंजते.

रसायनी

सुईदोराताईंच्या पिवळ्या थराबद्दल. तो बहुधा सेल्युलोजचा असणार, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला. वाळला की लाकडासारखा कडक होतो, ती त्याची खूण. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते, हवेतलं बाष्पसुद्धा तो घेतो. दुसरा प्रकार पॉलियुरेथेन फोमचा, तो वाळला तरी मऊच राहतो आणि पाणी तेवढं धरत नाही.

पांढऱ्या ‘जादुई’ स्पंजाबद्दलही लिहिते, कारण घासणी म्हणून लोक त्याला ओळखतच नाहीत. तो मेलामाइनचा फोम. आधी आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी भिंतींत, यंत्रांत भरायचे. मग तो घासतो हे लक्षात आलं आणि २००३ साली अमेरिकन बाजारात साफसफाईसाठी मोठ्या प्रमाणावर आला. हाताला मऊ लागतो, पण त्याचं सूक्ष्म जाळं कडक असतं, म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच. नुसतं पाणी लावून भिंतीवरची पेन्सिल, पांढऱ्या बुटांचे तळवे, पिवळी पडलेली विजेची बटणं (मेन स्विच बंद करून, स्पंज घट्ट पिळून) सुरेख निघतात. चकचकीत ऑइलपेंटवर मात्र धुरकट डाग पडतो, कारण चमकच घासली जाते. आणि लहान मुलांच्या हातावरची शाई काढायला वापरू नका. त्वचा सोलते, लगेच कळत नाही, नंतर आग होते.

घासताना तो झिजतो, ते कण गटारात जातात. प्लास्टिकच आहे ते. मी म्हणूनच तो लागेल तेवढाच तुकडा कापून घेते.

कोकणकन्या

प्लास्टिकचं निघालंच आहे तर आमच्या परसातली घासणी सांगते. घोसाळं वेलावरच जून होऊन सुकू द्यायचं. साल तपकिरी होऊन आत बिया खुळखुळायला लागल्या की तोडायचं, पाण्यात भिजवून साल काढायची, बिया झटकून टाकायच्या (पुढच्या पावसाला लावायला ठेवायच्या) आणि जाळी उन्हात वाळवायची. अंघोळीला, काचेच्या ग्लासांना, नॉनस्टिकला, सगळ्याला चालते. ओरखडा नाही. एका घोसाळ्याच्या चार घासण्या होतात.

करपलेल्या भांड्याला मात्र सोडणच हवं, नारळाचं. आमच्याकडे सोडणाचा चोथा आणि चुलीची राख यांवर तीन पिढ्यांची भांडी निघाली. आता राख नाही, पण चोथा आहेच. बिडाच्या तव्याला मी चोथ्याखेरीज काही लावत नाही. हिरव्या घासणीने तव्यावरचा तेलाचा मुरलेला काळा थर निघतो आणि पुढचे दहा घावणे चिकटतात.

नवखी गृहिणी

काचेच्या शेगडीवर चालेल का हिरवी घासणी? दूध उतू गेलंय आणि करपलंय.

निवृत्त फिटर

नको ताई. काच साडेपाच, कुरुंद ९. शिवाय ती कडक केलेली काच असते, तिच्यावर ओरखडे पडले की तिची ताकद कमी होते. शेगडी गार झाल्यावर करपलेल्या जागी ओला कपडा आणि थोडा खायचा सोडा तासभर ठेवा. मऊ फडक्याने निघेल.

नवखी गृहिणी

निघालं! धन्यवाद काका.

वऱ्हाडी ठेचा

सुईदोराताई म्हणतात तसं घासणीचं आयुष्य फुकट घालवू नये. आमच्या घरी तिचा उतरता क्रम ठरलेला आहे आणि तो गोंधळू नये म्हणून कोपरे कापतो. चारही कोपरे शाबूत असलेली फक्त भांड्यांना. एक कोपरा कापलेली ओटा, सिंक आणि शेगडीच्या बर्नरला. दोन कापलेली न्हाणीघरात, फरशीच्या सांध्यांना आणि बादल्यांना. तीन कापलेली अंगणात: सायकलची साखळी, कुदळ-विळ्याचा गंज, कुंड्यांची बाहेरची पांढरी पापडी. पोरांनाही समजतं, कुणी वरच्या पायरीला परत आणत नाही.

अगदी शेवटी धुऊन कुंडीच्या तळाला भोकावर ठेवतो. माती अडते, पाणी जातं. खापरीसारखी घसरत नाही.

आणि एक कोरी घासणी भाजीच्या टोपलीत कायम. नवे बटाटे, गाजरं, आलं, ओली हळद. सालकाढण्याने निम्मं आलं जातं, घासणीने नुसती वरची पातळ साल निघते.

उंदराच्या बिळात तारेची घासणी ठासतो, वर सिमेंट. उंदीर ती कुरतडू शकत नाही. पण बारीक तारेची घासणी घरात बॅटरीच्या डब्यात ठेवू नका. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं तिला लागली की ती धुमसून पेटते.

रसायनी

कोपऱ्यांची पद्धत फार आवडली. त्यात एक भर घालते: पहिल्या पायरीवर ती फार दिवस ठेवू नका. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ साली घराघरांतले वापरातले १४ स्वयंपाकघरातले स्पंज तपासले. काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये ५ हजार कोटींहून जास्त जिवाणू होते. जे लोक स्पंज नियमित निर्जंतुक करत होते त्यांचेही कमी नव्हते. आठवड्याला बदला, असं त्यांनी सुचवलं. स्पंजाच्या मानाने नुसती हिरवी जाळी लवकर वाळते, पण तिच्यातही खरकटं अडकून राहतंच. उभी टांगून वाळवा, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. आणि स्वयंपाकघरातली उतरलेली घासणी शिवणाच्या खोलीत किंवा भाजीला कधीच नको, तिथे कोरीच.

सातासमुद्रापार

सुईदोरा, कटिंग मॅटचं मी सांगते. मी इकडे गोधड्या शिवते आणि मॅट रोज वापरात आहे. रोटरी कटरने (गोल फिरत्या पात्याने) कापताना तंतू मॅटच्या चिरेत दाबले जातात आणि मग चीर नीट मिटत नाही, पुढच्या वेळी कटर त्याच रेषेत घसरतो. हिरवी नको, मॅटवरच्या छापील रेषा जातील. टबमध्ये कोमट पाणी, त्यात थोडं व्हिनेगर आणि दोन थेंब भांड्यांचा साबण. पंधरा-वीस मिनिटं भिजव आणि मग पांढऱ्या मऊ घासणीने गोल गोल फिरव. तंतू फुगून वर येतात. सपाट ठेवून सावलीत वाळव. गरम पाणी नको, ऊन नको, बंद गाडीत तर मुळीच ठेवू नकोस, मॅट एकदा वाकली की सरळ होत नाही.

घासणी कापायची कात्री वेगळी ठेव. कापडाच्या कात्रीने हिरवी घासणी कापली की धार जाते. त्याने कात्रीला धार येते असं बरेच जण म्हणतात, पण माझी चांगली कात्री त्यानेच खराब झाली आणि शेवटी धार लावणाऱ्याकडे न्यावी लागली.

सुईदोरा

आज दुपारी मॅट भिजवली. पांढऱ्या घासणीवर गुलाबी, हिरवा, खणाचा जांभळा, सगळ्या शिवलेल्या कापडांचे तंतू आले. मूठभर लगदा निघाला. मॅट आता हाताला गुळगुळीत लागते. चिरा मिटल्यात का ते उद्या कापल्यावर कळेल.

आजीचा बटवा, लेकीचं गुंतवळ साठवायला घेतलं आहे.

निवृत्त फिटर

पायमशीनताई, तुमच्या मशीनसाठी. गेलेली सोन्याची बुट्टी परत येत नाही, पण उरलेली वाचवता येते. रॉकेल, साबण, घासणी सगळं बाजूला ठेवा. शिवणयंत्राचं तेल कापसाच्या बोळ्यावर घ्या आणि उजव्या बाजूला, जिथे पिवळा थर अजून आहे, तिथे नुसतं लावून रात्रभर राहू द्या. सकाळी सुक्या मऊ कापडाने टिपा, घासू नका. पुन्हा लावा, पुन्हा टिपा. चार-पाच दिवस लागतील. कापसावर सोनेरी दिसलं तर तिथे लगेच थांबा. थर थोडा राहिला तरी चालेल, तोच आता त्या नक्षीचं पांघरूण आहे.

पायमशीन

काका, काल रात्री तेल लावलं. सकाळी कापूस पिवळा होता, सोनेरी नव्हता. अर्ध्या गुलाबाच्या खाली एक छोटी कळी आहे, ती आजवर थराखाली दिसतच नव्हती. सासूबाईंना बोलावून दाखवली. आता दुसऱ्यांदा तेल त्याच लावताहेत.